कंपनीचा माल घ्यावा की दुकानाचा?

"आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच साबण येतो. आता मोठ्या दुकानात त्यांच्याच नावाचा साबण स्वस्तात मिळतो. घ्यावा का?" कधी साबणाबद्दल, कधी चहा, तेल किंवा फरशी पुसायच्या फिनेलबद्दल, पण असा प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. कुंभवली, सालवड, सरावली, कोलवडे, पास्थळ या तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या गावांत तो जास्तच टोकदार होतो. इथल्या बऱ्याच घरांत पगार महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या आसपास हातात येतो आणि त्याच आठवड्यात महिन्याचं सामान भरलं जातं. गल्लीतला किराणावाला आहे, बोईसर-पालघरची मोठी दुकानं आहेत, आणि २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यामुळे विरार-वसईचा बाजारही आवाक्यात आला आहे. पर्याय वाढले तसा गोंधळही वाढला.

तुमच्या यादीतल्या सगळ्या वस्तूंना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. काही वस्तूंत कंपनीच्या नावाला मोजलेला प्रत्येक जादा रुपया वाया जातो, तर काहींत दहा रुपये वाचवणं धोक्याचं असतं. म्हणून निर्णय वस्तूगणिक घ्या. तो कसा घ्यायचा ते पुढे सांगतो.

आधी माल ओळखा

बाजारात चार तऱ्हेचा माल असतो आणि आपण त्याची सरमिसळ करतो.

- कंपनीचा ब्रँड: जाहिरातीतून ओळखीचा झालेला, सगळीकडे मिळणारा.
- दुकानाचा ब्रँड: साखळी दुकानं दुसऱ्या कारखान्यांकडून माल बनवून किंवा भरून घेतात आणि स्वतःच्या नावाने विकतात. डी-मार्टचं 'प्रीमिया', रिलायन्सचं 'गुड लाइफ' आणि 'एन्झो', टाटांच्या स्टार बाजारचं 'क्लिया' ही ठळक उदाहरणं. जाहिरातीचा आणि मधल्या वितरकाचा खर्च वाचतो, म्हणून हा माल स्वस्त पडतो. स्वस्त आहे म्हणून तो हलका असेलच, असं समजायचं कारण नाही.
- किराणावाल्याने भरलेली पाकिटं: पोत्यातली डाळ, रवा, शेंगदाणे प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवलेले. बहुतेक वेळा त्यांवर काहीच लिहिलेलं नसतं.
- नकली माल: नामांकित कंपनीच्या वेष्टनाची नक्कल, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे. हा स्वस्त माल नसून फसवणूक आहे.

दुसऱ्या प्रकाराबद्दल लोकांच्या मनात जो संशय असतो, तो खरं तर तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराच्या अनुभवातून आलेला असतो. दुकानाच्या ब्रँडच्या पाकिटावर जबाबदार माणसाचं नाव-पत्ता असतो आणि तक्रार करायला दुकानही जागेवर असतं. बिननावाच्या पिशवीत यातलं काहीच नसतं.

पाकिटाची किंमत बाजूला ठेवा, दर काढा

सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, म्हणून यावर जरा थांबू या.

चहा, बिस्किटं, कपड्यांची पावडर, साबण अशा १९ वस्तू ठरावीक वजनाच्या पाकिटांतच विकण्याचं बंधन पूर्वी होतं. ते २०२२ मध्ये उठलं. त्यामुळे आता किलोच्या जागी ९०० किंवा ८५० ग्रॅमचं पाकीट सर्रास दिसतं. पाकिटाचा आकार तोच, रंग तोच, आतला माल कमी. दोन पाकिटं शेजारी ठेवून नुसत्या किमती पाहिल्या की फसगत होते.

समजा, कंपनीची कपड्यांची पावडर ९०० ग्रॅम ११७ रुपयांना आहे आणि दुकानाची ८०० ग्रॅम ९६ रुपयांना. पाकिटामागे फरक २१ रुपयांचा दिसतो. पण कंपनीची पावडर १३० रुपये किलो पडली आणि दुकानाची १२०. खरा फरक किलोमागे दहाच रुपये. दुकानाच्या पावडरीचा चमचा थोडा मोठा घ्यावा लागला, की तोही संपला.

हे गणित सोपं व्हावं म्हणून पाकिटावर एककाचा दर छापणं आता बंधनकारक आहे. पाकीट किलोपेक्षा कमी वजनाचं असेल तर दर ग्रॅमचा, जास्त असेल तर किलोचा; द्रव पदार्थांसाठी मिलिलिटर किंवा लिटरचा. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात तो सापडतो. एक लक्षात ठेवा: हा दर एमआरपीवर काढलेला असतो. दुकानात सवलत असेल, तर प्रत्यक्ष किमतीला वजनाने भागून दर स्वतः काढा. मोबाइलवर दहा सेकंदांचं काम आहे.

यात नेहमी चुकणाऱ्या गोष्टी अशा:

- तेलाची पिशवी ग्रॅममध्ये वाचा. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पिशवी लिटरची वाटली तरी आत ८५० किंवा त्याहून कमी ग्रॅम असू शकतं. दोन तेलांची तुलना फक्त ग्रॅमवर करा, आणि तीही एकाच जातीच्या तेलांची. सोयाबीन आणि शेंगदाणा यांची तुलना होत नाही.
- मोठं पाकीट स्वस्तच पडतं असं नाही. शॅम्पूची एक-दोन रुपयांची पुडी मिलिलिटरच्या हिशेबाने बाटलीपेक्षा अनेकदा स्वस्त पडते.
- दुकानाच्या ब्रँडवरच्या 'निम्म्या किमतीत' या पाटीकडे दुर्लक्ष करा. त्या मालाची एमआरपी तेच दुकान ठरवतं. दोनशे छापायचे आणि शंभरला विकायचे, यात सवलत कसली? शेजारच्या मालाचा विक्रीचा दर पाहा.
- कंपनीच्या मालाचीही एमआरपी धरू नका. मोठ्या दुकानात तो बहुधा एमआरपीच्या खालीच विकला जातो. सवलतीनंतरच्या दराशी तुलना केली की दुकानाचा ब्रँड कधी कधी महाग निघतो.

साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही कपात कंपनीच्या आणि दुकानाच्या मालाला सारखीच लागू आहे. तुमच्या मनात जुने भाव पक्के बसले असतील, तर ते पुन्हा तपासून घ्या.

साबण आणि कपड्यांची पावडर: निष्ठा तपासून पाहायची जागा

आपल्या भागातल्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. शॅम्पू आणि साबणाला फेस आणणारे घटक बनवणाऱ्या गॅलेक्सी सरफॅक्टंट्स या कंपनीचे कारखाने आपल्या तारापूर औद्योगिक वसाहतीतच आहेत आणि ती नामांकित देशी-परदेशी कंपन्यांना माल पुरवते. टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या फेसामागचं रसायन तुमच्या गावाशेजारी तयार होतं. कच्चा माल पुरवणारे मोजके आणि त्यावर नावं लावणारे अनेक, असं या धंद्याचं रूप आहे. म्हणून नुसत्या नावावर भाळू नका. मात्र उलटी चूकही करू नका. एकाच कारखान्यातून दोन ब्रँड बाहेर पडले तरी दोन्हींची कृती एकच असते असं नाही. ज्याची मागणी, त्याचं प्रमाण.

अंगाच्या साबणासाठी वेष्टनावरचा एक आकडा शोधा: टीएफएम, म्हणजे साबणातल्या स्निग्धाम्लांचं एकूण प्रमाण. भारतीय मानकांनुसार 'टॉयलेट सोप' तीन श्रेणींचा असतो. पहिल्या श्रेणीत टीएफएम किमान ७६ टक्के, दुसऱ्या श्रेणीत ७० आणि तिसऱ्या श्रेणीत ६० लागतं. 'बेदिंग बार' हा वेगळा प्रकार आहे. त्याला ४० टक्केही चालतं. कमी टीएफएमचा साबण ओल्या साबणदाणीत लवकर गळतो आणि पुष्कळांच्या त्वचेला कोरडा लागतो. दुकानाचा पहिल्या श्रेणीचा साबण कंपनीच्या बेदिंग बारपेक्षा स्वस्त मिळत असेल, तर उगीच अडून राहू नका. अपवाद एकच: काही बेदिंग बार मुद्दाम सौम्य घटकांपासून बनवलेले असतात. ते त्वचेच्या डॉक्टरांनी सुचवले असतील तर टीएफएमच्या आकड्यावरून बदलू नका.

कपड्यांच्या पावडरीला असा सोपा आकडा नाही. तिथे घरीच चाचणी करावी लागते.

१. एका महिन्यात एकच वस्तू बदला. पावडर, साबण आणि भांड्यांचा बार एकदम बदललात तर काय चांगलं आणि काय वाईट ते कळणार नाही.

२. सर्वांत लहान पाकीट आणा. उघडल्याची तारीख पेनाने त्यावर लिहा.

३. माप तेच ठेवा. जुन्या पावडरीचा जो चमचा, तोच नव्या पावडरीला.

४. नेहमीचा मळ धुऊन पाहा: शर्टाची कॉलर, कारखान्याच्या युनिफॉर्मवरचे तेलाचे डाग, मुलांच्या शाळेचे पांढरे मोजे.

५. पाकीट किती धुण्यांना पुरलं ते मोजा. किमतीला धुण्यांनी भागा. हाच तुमचा खरा दर.

शेजारणीने पावडर वाईट म्हटली म्हणून सोडू नका, तिने चांगली म्हटली म्हणून घेऊही नका. तिच्याकडे नळाचं पाणी असेल आणि तुमच्याकडे बोअरवेलचं, तर दोघींना एकाच पावडरीचा अनुभव वेगळा येईल. जड पाण्यात फेस कमी होतो आणि पावडर जास्त लागते.

चहा-मसाल्यांसाठीही चाचणी हीच, फक्त नाव झाकून. दोन चहापत्त्या दोन सारख्या बरण्यांत भरा, खाली खूण करा आणि घरच्यांना न सांगता आलटून पालटून करा. फरक कळला नाही तर स्वस्त चहा ठेवा. कळला, तर नेहमीचाच आणा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बेडेकरांचं लोणचं किंवा केप्रचे मसाले यांची चव घरात रुजलेली असेल, तर त्यासाठी मोजलेले चार रुपये वाया गेले असं मी म्हणणार नाही. जिभेला कळतो तो फरक खरा असतो.

इथे निर्धास्त बदल करा

साखर, मीठ, रवा, मैदा, साबूदाणा, अख्खी कडधान्यं, शेंगदाणे, टिश्यू पेपर, कचऱ्याच्या पिशव्या, काडेपेट्या. यांत कंपनीच्या नावाने फार मोठा फरक पडत नाही.

मिठाच्या पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं असलं की पुरे. मग ते दुकानाचं असो की कंपनीचं. आपल्या किनाऱ्यावर मिठागरं आहेत. तिथलं खडे मीठ मासे खारवायला वापरा, पण रोजच्या जेवणात आयोडीनचंच मीठ हवं.

डाळी-कडधान्यांत नाव पाहण्यापेक्षा पाकीट उजेडात धरून पाहा. दाणा सारखा आहे का, तळाशी चुरा किती, जाळं किंवा भोक पडलेले दाणे आहेत का. एक करही ध्यानात घ्या. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठांवर ५ टक्के जीएसटी आहे. समोर पोतं उघडं करून मोजून दिलेल्या मालावर तो नाही. तांदूळ-डाळ जास्त लागत असेल आणि दुकानदार ओळखीचा असेल, तर सुटा माल घेण्यात हा फायदा आहे.

तांदळाबाबत नाव पाहायचं ते मात्र पाहाच. वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. 'कोलम' एवढंच लिहिलेलं पाकीट वाड्याचं असेलच असं नाही, मग ते कोणत्याही मोठ्या कंपनीचं असो. आपला जिल्हा पिकवतो तो तांदूळ खात्रीच्या शेतकऱ्याकडून किंवा गिरणीतून घेता आला तर ब्रँडची गरजच उरत नाही.

पिशवीच्या दुधातही आधी प्रकार पाहा, मग कंपनी. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के आणि इतर घन पदार्थ ८.५ टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ आणि ८.५, फुल क्रीममध्ये ६ आणि ९ हे किमान प्रमाण सर्वांनाच लागू आहे. "अमक्याचं दूध पातळ" अशी तक्रार बरेचदा टोन्ड आणि फुल क्रीमची तुलना केल्यामुळे होते.

सॅनिटरी पॅडच्या बाबतीत एक पर्याय फार घरांपर्यंत पोहोचलेला नाही. जनऔषधी केंद्रांत 'सुविधा' नावाचं पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक या दराने मिळतं. ज्या घरात दोन-तीन मुली-बायका आहेत, तिथे याने महिन्याचा हिशेब चांगलाच बदलतो. आधी एक पाकीट वापरून पाहा.

इथे दहा रुपयांसाठी धोका पत्करू नका

- तान्ह्या बाळाचा आहार. डॉक्टरांनी सांगितलं तेच, बंद डब्यातलं. त्यात प्रयोग नको.
- सुटं खाद्यतेल. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार तेल पाकीटबंद आणि लेबलसहच विकायचं असतं. डब्यातून मापून दिलेल्या तेलात काय मिसळलं आहे, ते तुम्ही किंवा मी नुसतं बघून ओळखू शकत नाही. दुकानाच्या ब्रँडची बंद पिशवी इथे केव्हाही चांगली.
- डासांची अगरबत्ती, कॉइल, लिक्विड. कीटकनाशक कायदा १९६८ नुसार अशा वस्तूची नोंदणी लागते आणि नोंदणी क्रमांक पाकिटावर असतो. तो नसलेली स्वस्त अगरबत्ती बंद खोलीत जाळू नका. चाळीतल्या एका खोलीत सगळं कुटुंब झोपतं तिथे हे जास्तच महत्त्वाचं.
- कुकर, गॅसची शेगडी, इस्त्री, वायर, प्लग. आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक पाहिल्याशिवाय घेऊ नका. 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकला की परवाना खरा की खोटा ते समजतं. चिन्ह खरं असेल तर दुकानाच्या ब्रँडचा कुकर घ्यायला हरकत नाही.
- पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून दिलेलं फिनेल, ॲसिड. लहान मूल ते पाणी समजून पितं, आणि आत काय होतं हे बाटलीवर लिहिलेलं नसल्याने डॉक्टरही अडतात. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांना तर मनापासून सांगतो, कारखान्यातून आलेलं कुठलंही 'साफ करायचं पाणी' घरात घेऊ नका. आणि संडासाचं ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

लेबल अर्ध्या मिनिटात कसं वाचायचं

पुढची बाजू जाहिरातीची असते. पाकीट उलटं करा आणि एवढं पाहा:

- वस्तूचं खरं नाव. 'आइस्क्रीम' वेगळं, 'फ्रोझन डेझर्ट' वेगळं. दुसऱ्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं.
- बनवणारा कोण, भरणारा कोण, विकणारा कोण. दुकानाच्या ब्रँडवर ही नावं बहुधा वेगवेगळी असतात. एखादी वस्तू आवडली तर बनवणाऱ्याचं नाव लक्षात ठेवा. पुढच्या वेळी कारखाना बदललेला असेल तर कळेल.
- निव्वळ वजन, एमआरपी, एककाचा दर.
- बनवल्याची तारीख, आणि खाद्यपदार्थावर किती दिवसांत वापरायचं ते.
- खाद्यपदार्थावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक.
- तक्रारीसाठी फोन, ई-मेल.

किराणावाल्याने आधीच भरून ठेवलेल्या पिशवीलाही लेबलाचे नियम लागू होतात. तो ओळखीचा आहे, म्हणून भांडू नका. "समोर मोजून द्या" एवढं सांगा. काम होतं.

किराणावाल्याचाही हिशेब मांडा

मोठ्या दुकानाच्या नादात गल्लीतल्या दुकानाला कमी लेखू नका. मोठं दुकान रोख घेतं. किराणावाला वहीवर देतो, अर्धा किलो देतो, रात्री पाहुणे आले तर शटर अर्धं उघडतो. पगाराला उशीर झालेल्या महिन्यात ही उधारी म्हणजे बिनव्याजी कर्जच असतं.

म्हणून दोन आकडे समोरासमोर ठेवा. एकीकडे मोठ्या दुकानात वाचलेले पैसे. दुसरीकडे रिक्षाचं किंवा गाडीचं भाडं, गेलेला अर्धा दिवस, आणि यादीत नसताना ट्रॉलीत आलेल्या वस्तू. हा शेवटचा खर्च बहुतेक जण मोजतच नाहीत आणि तोच सर्वांत मोठा निघतो. माझं मत विचाराल तर साबण, पावडर, तेल, चहा असं टिकाऊ सामान दीड-दोन महिन्यांतून एकदा मोठ्या दुकानातून, आणि बाकीचं गल्लीतून.

साठवणीला मर्यादा आपल्या हवेने घातली आहे. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्याजवळच्या दमट घरांत रव्या-पोह्यांना लवकर कीड लागते, कपड्यांच्या पावडरीचे गोळे होतात, पापड-मसाले सादळतात. पावसाळ्यात 'तीन घ्या, एक मोफत' म्हणजे चौथं पाकीट फेकायची तयारी. त्या चार महिन्यांत लहान पाकिटंच बरी.

नकली माल टाळायचा असेल तर

स्टेशनबाहेर किंवा आठवडे बाजारात ओळखीचा शॅम्पू निम्म्या किमतीत दिसला, की बॅच क्रमांक आणि तारीख शोधा. छपाई पुसट, नावात एखादं अक्षर वेगळं, झाकणाचं सील सैल, आणि विक्रेता बिल द्यायला तयार नाही, अशी लक्षणं एकत्र दिसली तर हात लावू नका. रिकाम्या बाटल्या भंगारात देताना लेबल फाडा आणि झाकण वेगळं टाका. तुमच्याच बाटलीत नकली माल भरला जाऊ नये.

तुमचे हक्क

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. कंपनीचा माल असो वा दुकानाचा, हक्क सारखेच आहेत.

- बिल मागा. विक्रेत्याने बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल नसेल तर पुढचं सगळं कठीण होतं.
- सदोष माल परत करता येतो. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू नाही. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर तेवढ्या दिवसांत, नसेल तर ३० दिवसांत माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं कायद्याने अनुचित ठरवलं आहे.
- एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. 'फ्रिजचे दोन रुपये' हे गाडीवर असो वा दुकानात, बेकायदेशीर आहेत.
- बिलावरचा भाव फळीवरच्या भावाशी ताडून पाहा. काउंटर सोडण्याआधीच. दुकानाचा ब्रँड आणि कंपनीचा माल शेजारी ठेवलेला असतो तेव्हा एकाची पाटी दुसऱ्याखाली लागलेली असू शकते.
- पिशवीचे पैसे. आगाऊ कल्पना न देता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं अनुचित असल्याचं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटलं आहे. तरी घरून पिशवी नेणं सोपं.
- अन्नपदार्थ तपासून घेता येतो. हा हक्क फार थोड्यांना माहीत आहे. अन्नसुरक्षा कायद्यानुसार सामान्य ग्राहकही शुल्क भरून पदार्थाचं सरकारी विश्लेषकाकडून पृथक्करण करून घेऊ शकतो. मात्र खरेदी करतानाच तसं विक्रेत्याला सांगावं लागतं. नमुना नापास झाला तर शुल्क परत मिळतं.

तक्रार कुठे करायची

- वजन कमी, एमआरपीपेक्षा जास्त पैसे, लेबलावर माहिती नाही: वैधमापन शास्त्र विभाग.
- भेसळ, मुदत संपलेला खाद्यपदार्थ: अन्न व औषध प्रशासन, निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५.
- खोटं आयएसआय चिन्ह: 'बीआयएस केअर' ॲप.
- कुठे जायचं ते कळत नसेल तर: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. बहुतेक लहान तक्रारी इथेच कंपनी किंवा दुकानाकडून सुटतात.
- तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दुकान कुठेही असो.

तक्रारीआधी पाकीट, उरलेला माल आणि बिल यांचे फोटो काढून ठेवा. रागाने पाकीट फेकून देणाऱ्या ग्राहकाची बाजू कितीही खरी असली तरी सिद्ध करता येत नाही.

चार घरं एकत्र आली तर

कंपनी की दुकान या दोन्हींपलीकडचा तिसरा रस्ता मराठी माणसांनीच घालून दिला आहे. १९७५ साली स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत आजही सभासद कुटुंबांचे गट करून महिन्याचं सामान थेट उत्पादकांकडून आणि घाऊक बाजारातून आणते. माल गटाच्या दारी येतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. कुणा एकट्यावर भार पडत नाही, आणि माल निवडणाऱ्याला जाहिरातीचा मोह नसतो. संस्थेचा गट जवळ नसेल तरी तुमच्या इमारतीतल्या किंवा चाळीतल्या चार-पाच घरांनी मिळून वाड्याचा तांदूळ, डाळ आणि कपड्यांची पावडर घाऊक आणायला कुणाची परवानगी लागत नाही. येत्या पगाराच्या आठवड्यात शेजाऱ्यांची यादी आपल्या यादीशेजारी ठेवून पाहा. एकसारख्या तीन वस्तू सापडल्या तरी सुरुवात करा.